साथीचा अंमल आणि लोकांची मर्जी

सन २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेने रुग्णालयांच्या दारांत रांगा लावलेल्या असताना, किराणा व भाजीपाल्याची दुकाने सकाळी सात ते अकरा एवढ्याच वेळात उघडी ठेवावीत असा हुकूम राज्यात लागू झाला, आणि आमच्या पेठेतील वाण्याच्या दुकानासमोर दररोज पावणेअकराच्या सुमारास एक लहानशी सभाच भरू लागली. शटर अर्धे खाली आलेले, आतून "काका, दोनच जिन्नस सांगा, यादी नको" असा पुकारा चाललेला, आणि रस्त्यावर चुन्याने आखलेल्या वर्तुळांत, एकेका वर्तुळात तिघे अशा हिशेबाने, माणसे उभी. एक निवृत्त शिक्षक रोज तेच गणित घालीत: बारा तासांचे गिऱ्हाईक चार तासांत कोंबले, तर गर्दी वाढेल की कमी होईल? चौकातला हवालदार म्हणे, "गुरुजी, हे मला नका सांगू, वर सांगा." आणि रांगेतला तिसरा कोणी, ज्याच्या घरात नुकताच एक मृत्यू झाला होता, तो उसळून म्हणे की असली हुज्जत घालणारी माणसे आहेत म्हणूनच ही साथ हटत नाही. तिघांच्याही तोंडावर मुखपट्टी असे, गुरुजींची तेवढी बोलण्याच्या भरात हनुवटीवर उतरे. आणि अकराचा ठोका पडला की तिघेही निमूटपणे आपापल्या घरी जात.

नियम मोडणारा त्यांत एकही नव्हता, आणि नियमाविषयी त्यांचे एकमतही नव्हते. साथीतील निर्बंधांवरच्या वादाचा विचार करताना हा प्रसंग मला वारंवार आठवतो; कारण एका बाजूला समंजस आज्ञाधारक आणि दुसऱ्या बाजूला बेजबाबदार उल्लंघक अशा दोन पंक्ती मांडण्याची आपल्याला जी सवय जडली आहे, तिच्यात हे तिघे कुठेच बसत नाहीत. गेल्या सव्वाशे वर्षांतील महाराष्ट्राचा अनुभव पाहिला तर असे दिसते की, साथ आवरण्यासाठी काही बंधने हवीतच हे मुळातून नाकारणारा पक्ष येथे कधीच मोठा नव्हता; भांडण पेटले ते बंधनाचा भार कोणाच्या पाठीवर टाकला जातो आणि ते अमलात आणण्यासाठी दारात कोण येऊन उभा राहतो, यावरून.

या भांडणाचा पहिला आणि सर्वांत उग्र अध्याय अर्थातच प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले, आणि पुढच्या काही महिन्यांत त्या शहरातून तीन लाखांहून अधिक माणसे गाठोडी बांधून निघून गेली. जे मागे राहिले त्यांत गिरणीकामगार होते. ऑक्टोबरअखेर त्यांच्यातील हजारभर लोकांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला, कारण तेथे नेलेला माणूस परत येत नाही अशी त्यांची समजूत होती, आणि त्या रोगाचे मृत्युमान ध्यानात घेता ती समजूत अगदीच निराधार म्हणता येत नव्हती. सरकारला घाई होती ती वेगळ्याच कारणाने: हिंदुस्थानचा माल आणि प्रवासी यांना युरोपची बंदरे बंद होतील अशी धास्ती होती, १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद बसली होती, आणि त्या वर्षी मुंबईहून हजला जाण्यासही मनाई करण्यात आली. या घाईत ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा अमलात आला. तो अवघ्या चार कलमांचा. त्याचे तात्पर्य एवढेच की, साथ पसरण्याचा धोका असेल तर सरकारला वाटेल ते तात्पुरते नियम करता येतील, ते मोडणारा दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षेस पात्र होईल, आणि सद्बुद्धीने अंमल करणाऱ्या अधिकाऱ्यावर फिर्याद चालणार नाही.

हा कायदा पुण्यात कसा उतरला हे मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. साताऱ्याहून आणलेल्या वॉल्टर चार्ल्स रँड या मुलकी अधिकाऱ्याकडे प्लेग कमिटीची सूत्रे आली आणि मार्चपासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर झडती घेऊ लागल्या. बूट घालून स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरणे, अंथरुणे-पांघरुणे रस्त्यावर आणून जाळणे, काखेत आणि जांघेत गाठ आहे का हे परपुरुषाने चाचपून पाहणे, आजाऱ्याला रुग्णालयात आणि त्याच्या धडधाकट कुटुंबाला सेग्रिगेशन कँपात नेणे, हे सारे कागदावर पाहिले तर रोगनियंत्रणाचे उपाय होते. वाड्याच्या उंबरठ्यावर ते बेअब्रूचे प्रकार ठरले. २२ जून १८९७ च्या रात्री, महाराणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली; लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला आणि रँड ३ जुलैस मरण पावला.

परंतु पिस्तुलाच्या आवाजाने त्या वर्षीचा खरा वादविवाद आपल्या स्मरणातून पुसून टाकला आहे, आणि आढावा घेणाऱ्याला रस आहे तो त्यात. टिळकांनी प्लेगच्या उपायांना मुळातून विरोध केला अशी अनेकांची समजूत असते, ती बरोबर नाही. रोग्याला वेगळे ठेवणे आवश्यक आहे हे त्यांना मान्य होते. शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी कोरडे ओढले, स्वतः पुण्यातच राहिले, झडतीच्या वेळी लोकांसोबत हिंडले, आणि हिंदू रुग्णांसाठी वर्गणीतून स्वतंत्र रुग्णालयाची तजवीज केली. त्यांचा आक्षेप होता तो अंमलाच्या पद्धतीवर आणि तो अंमल लोकांच्या प्रतिनिधींना बाजूस सारून शिपायांच्या हाती देण्यावर. पंडिता रमाबाई या तर सरकारच्या बाजूने किंवा विरुद्ध अशा कोणत्याच खात्यात सहज न बसणाऱ्या. तरीही आपल्या आश्रमातील मुलींना प्लेगच्या व्यवस्थेत जे भोगावे लागले त्याविषयी त्यांनी जाहीर पत्र लिहून सरकारी कारभाराचे वाभाडे काढले. आणि याच काळात, या वादात कोणताही लेख न लिहिता, सावित्रीबाई फुले हडपसरच्या माळावर मुलाने, डॉ. यशवंत यांनी, उघडलेल्या रुग्णालयात रोग्यांची सेवा करीत होत्या. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. म्हणजे पुण्यात गोऱ्या शिपायांची झडती नुकतीच सुरू होत होती, तेव्हा अलगीकरण आणि शुश्रूषा ही आपल्याच माणसांच्या हातून कशी होते याचा दाखला शहराच्या वेशीवरच उपलब्ध होता. त्याकडे कोणी पाहिले नाही, याची खंत दोन्ही पक्षांच्या खाती मांडली पाहिजे.

गोखल्यांचा प्रसंग याहून बोधप्रद आहे, आणि मला तो नेहमीच क्लेशदायक वाटत आला आहे. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेत असताना पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील वर्तमानपत्रात, शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले असा आरोप केला. परत येताच पुरावा मागितला गेला. ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांतील कोणीही नाव देऊन पुढे येईना. आणि गोखल्यांनी कोणाचेही नाव न सांगता बिनशर्त माफी मागितली. या माफीने त्यांना आपल्याच लोकांत वर्षानुवर्षे खाली पाहावे लागले. वास्तविक प्रश्न माफीचा नव्हता. साथीच्या अमलाखाली जे घडते ते सिद्ध करण्याची सोय त्या अमलाखाली सापडलेल्याजवळ नसते, आणि जेथे तक्रार नोंदवायला विश्वासाची जागा नाही तेथे खरी हकिकत आणि अफवा एकाच पाकिटातून प्रवास करतात. टिळकांना त्याच सप्टेंबरात राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, आणि लेखी तक्रारीची वाटही अरुंद झाली.

या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठा उपरोध मात्र शास्त्राच्या बाजूने आला. प्लेगचा प्रसार उंदरावरच्या पिसवांमार्फत होतो, असे पॉल लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. म्हणजे १८९७ च्या उन्हाळ्यात शिपाई माणसांच्या काखा तपासत होते, भिंतींना चुना लावीत होते, जमिनी खणत होते, आणि त्या खणण्याने बिळांतून उठलेले उंदीर शेजारच्या वाड्यात जात होते. नियम कठोर होता आणि पुष्कळ अंशी चुकीचाही होता.

उलट ज्याला कोणी शास्त्र म्हटले नाही ते खेड्यांनी केले. आमची आजी प्लेगच्या आठवणी सांगताना "आम्ही बाहेर पडलो होतो" एवढेच शब्द वापरी, आणि तेवढ्यावर सर्वांना समजे. घरात उंदीर पडला, म्हणजे आढ्यावरून भोवळ येऊन खाली मेलेला सापडला, की गावची मंडळी एका-दोन दिवसांत गाव रिकामे करीत. कडब्याच्या पेंढ्या, तुऱ्हाट्या आणि जुनी धोतरे यांच्या झोपड्या शेतात उभ्या राहत, चूल तेथेच, बैल तेथेच, आणि दिवसाउजेडी एखादा पुरुष येऊन देवापुढे दिवा लावून परत जाई. गावात रात्री मुक्काम करायचा नाही हा दंडक पाटलाने घातलेला असे, आणि तो मोडणाऱ्याशी कोणी बोलत नसे. टाळेबंदीच म्हणायची तर ही उलटी टाळेबंदी, घराला टाळे आणि माणूस बाहेर. परंतु पिसवांपासून दूर नेणारा हाच उपाय खरा होता, आणि तो शिपायाविना पाळला गेला. त्यातही अन्याय होताच. कोणाची झोपडी कोठे पडायची हे जातीने ठरत असे, आणि त्याविषयी आजी काही बोलत नसे.

मुंबईत मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्याच्या विणकरवस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगा होऊन गोळीबार झाल्यावर सरकारने धोरण सैल केले: सक्ती कमी झाली, ज्या त्या समाजाची खासगी रुग्णालये मान्य झाली. पुढे १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला. त्याने या देशात कोटीहून अधिक बळी घेतले, पण तो इतक्या वेगाने आला आणि सरकार महायुद्धात इतके गुंतलेले होते की निर्बंधांवरून वाद व्हावा एवढे निर्बंधच नव्हते. त्यानंतर शंभर वर्षे हा कायदा कपाटात राहिला; क्वचित पटकी, कावीळ, स्वाइन फ्लू यांसाठी बाहेर निघाला, इतकेच.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले कोरोना रुग्ण आढळले आणि पाच दिवसांत त्याच १८९७ च्या कायद्याखाली राज्याचे नियम प्रसिद्ध झाले. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता देशाला सांगण्यात आले की बारा वाजल्यापासून एकवीस दिवस सर्व बंद. चार तासांची सूचना. प्लेगच्या काळी विरोध झडतीला होता. या वेळी पहिला धक्का सूचनेच्या अवधीचा होता, आणि तो वर्गावर्गाने वेगळा बसला. ज्याच्या घरात महिन्याचे धान्य आणि पगाराची खात्री होती त्याला तो सक्तीचा विश्राम वाटला. त्याने दिवे लावले, टाळ्या वाजवल्या आणि खिडकीतून रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक माणसाला बेशिस्त ठरवले. १४ एप्रिलला मुदत वाढली त्याच दुपारी वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाण्याच्या आशेने हजारो मजूर जमले. त्यांच्यावर लाठी चालली आणि त्यांची गणना उल्लंघकांत झाली. ८ मेच्या पहाटे जालन्याच्या पोलाद कारखान्यातून पायी निघालेले मजूर औरंगाबादजवळ करमाडच्या शिवारात रुळांवर झोपी गेले. गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज होता. मालगाडीखाली सोळा जण गेले, आणि रुळांवर पसरलेल्या त्यांच्या चपात्यांचे छायाचित्र सर्वांनी पाहिले. हे सारे कायद्याच्या भाषेत संचारबंदीचा भंग करणारेच होते.

त्याच एप्रिलमध्ये एका धनाढ्य घराण्यातील तेवीस माणसे, गृहखात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचे पत्र घेऊन, खंडाळ्याहून महाबळेश्वरी गेली. अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवले गेले, गुन्हाही नोंदला गेला. पण रस्त्यावर उठाबशा काढायला लावलेल्या तरुणाला या बातमीने जे शिकवले ते दहा परिपत्रकांनी पुसले जाण्याजोगे नव्हते. नियमाची जरब शिक्षेने जितकी वाढते त्याहून अधिक ती एका मर्जीतल्या सवलतीने उतरते. हेही सांगितले पाहिजे की ज्यांनी काठ्या चालवल्या त्याच पोलीस दलातील शेकडो माणसे या साथीत मेली, आणि नाक्यावर बारा तास उभ्या असलेल्या शिपायाला पास कोणाला द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार कोणीच दिलेला नव्हता.

सवलतींचा क्रम हा पुढच्या दीड वर्षातील बहुतेक भांडणांचा विषय झाला. मे २०२० च्या आरंभी मद्याची दुकाने उघडली, रांगा लागल्या, मुंबईत दोन दिवसांत ती पुन्हा बंद झाली. आणि "बार उघडे, देव कोंडलेले" ही तक्रार तेव्हापासून जी सुरू झाली ती ऑक्टोबरात राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या, आपण धर्मनिरपेक्ष झालात काय, असे विचारणाऱ्या पत्रापर्यंत गेली. मंदिरे अखेर १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, उघडली. मला व्यक्तिशः त्या पत्रापेक्षा पंढरीच्या वाटेवरचा वाद अधिक गंभीर वाटतो, कारण तो करणाऱ्यांना त्यातून काही मिळवायचे नव्हते. २०२० च्या आषाढीला पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरपुरास गेल्या, आणि सांप्रदायिक मंडळींनी, डोळे पुसत का होईना, ते मान्य केले. दुसऱ्या वर्षी, निवडणुकीच्या सभा आणि इतर मेळे देशभर झालेले पाहिल्यावर, तीच मंडळी विचारू लागली की मोजक्या वारकऱ्यांनी अंतर राखून चालण्यात कोणता धोका आहे. त्यांच्यातील बंडातात्या कराडकर चालू लागले, पोलिसांनी त्यांना ताब्यात घेऊन कऱ्हाडला नेले. सरकारचा निर्णय, माझ्या मते, त्या वर्षीही बरोबर होता. पण पहिल्या वर्षीचा होकार दुसऱ्या वर्षी का मिळाला नाही, याचे उत्तर वारकऱ्यांकडे मागण्यात अर्थ नव्हता.

दोषी शोधण्याच्या हौसेतही आपण मागे नव्हतो. दिल्लीतील तबलिगी मेळाव्यानंतर एका समाजाला साथीचे कारण ठरवून त्याच्या भाजीवाल्यांना गल्लीबंदी करण्यापर्यंत काहींची मजल गेली. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असे नमूद केले. निकाल आला तेव्हा भाजीवाल्यांचा हंगाम संपून गेला होता.

आता धारावीकडे यावे. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रुग्ण सापडला, तेव्हा अडीच चौरस किलोमीटरच्या आत लाखो माणसे आणि सार्वजनिक शौचालये असलेल्या त्या वस्तीचे काय होणार, याची भाकिते करण्यात सर्वांचे एकमत होते. घरीच राहा हा नियम दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसांना लावणे ही थट्टा आहे हे पालिकेने लवकर ओळखले. तिने वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना हाताशी धरले, तापाच्या रुग्णांची तपासणी शिबिरे भरवली, शाळा आणि सभागृहे अलगीकरणासाठी घेतली आणि तेथे जेवण फुकट दिले. झडती येथेही होती. फक्त दार ठोठावणारा ओळखीचा होता, आणि त्याच्यामागून जेवणाचे डबे येत होते. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने या कामाचा नावानिशी उल्लेख केला. पुण्यात रँडला जे साधले नाही ते येथे का साधले, याचे उत्तर एवढेच. मजूर मोठ्या संख्येने गावी गेल्याने वस्ती हलकी झाली होती, हेही मात्र हिशेबात धरले पाहिजे.

सुशिक्षितांच्या वसाहतींत याच्या उलट चित्र होते. आमच्याच सोसायटीच्या फलकावर "घरकाम करणाऱ्या बायकांना प्रवेश नाही" अशी सूचना सरकारी परवानगी आल्यानंतरही कित्येक आठवडे होती, आणि त्याच फलकाखालून डिलिव्हरीची मुले दिवसाकाठी वीस वेळा वर जात. सभेत मी हे बोललो तेव्हा सचिव म्हणाले, "साहेब, तुम्ही भांडी घासता का?" मी घासत होतो, पण तो मुद्दा नव्हता. सरकारचे नियम जाचक आहेत अशी कुरकुर करणाऱ्यांनी स्वतःच्या हाती तीळभर अधिकार येताच सरकारहून कडक नियम केले, आणि ते करताना ज्या बाईचा महिना बुडतो तिचा पगार द्यायचा की नाही हा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

मार्च २०२२ अखेर राज्याने निर्बंध उठवले, आणि टाळेबंदीच्या काळात १८८ कलमाखाली नागरिकांवर दाखल झालेले गुन्हे मागे घेण्याचे ठरवले. कायदा मात्र आहे तेथेच आहे. २०२० मध्ये त्यात एक दुरुस्ती झाली, ती आरोग्यसेवकांवर हात उचलणाऱ्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा देणारी, आणि ती आवश्यकच होती. २०२४ च्या जुलैपासून १८८ चे कलम न्यायसंहितेत २२३ झाले. निर्बंधांमुळे ज्याची चूल विझते त्याच्याविषयी मूळ कायद्याने दुसऱ्या कलमात, खर्च कोणी आणि कसा सोसायचा हे सरकार ठरवील असे सांगताना, कंसात जे चार इंग्रजी शब्द घातले होते ते १८९७ पासून तसेच आहेत: नुकसानभरपाई धरून, असल्यास.